पाठीच्या कण्यालगतचे त्वचेचे तापमान : यंत्र नेमके काय मोजते?

मिसिसिपीकाठचा

गेली सहा वर्षे मी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील मोलीन या गावी राहतो. शेतीयंत्रांच्या उद्योगामुळे पुण्याहून आलेले बरेच मराठी अभियंते या परिसरात आहेत. मिसिसिपी नदीच्या पलीकडे आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट आहे. सप्टेंबर १८९५ मध्ये डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या माणसाच्या पाठीचा मणका हाताने दाबला आणि त्यातून कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे मणके हाताने दाबून उपचार करण्याच्या पद्धतीचा, उगम झाला, असे जे सांगितले जाते ते याच गावातले. त्यामुळे या भागात पाठ दुखते म्हटले की डॉक्टरांच्या आधी कायरोप्रॅक्टरचे नाव सुचवले जाते, आणि कंबरदुखीने बेजार होऊन मीही मागच्या महिन्यात एकाकडे गेलो.

तपासणीच्या वेळी त्यांनी मला सदरा काढून स्टुलावर बसवले आणि दोन डोळ्यांचे एक छोटे उपकरण कमरेपासून मानेपर्यंत कण्याच्या दोन्ही बाजूंनी एका संथ ओढीत वर नेले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, आणि ज्या ठिकाणी डाव्या-उजव्या बाजूंच्या तापमानात फरक होता तेथे लाल पट्ट्या आल्या. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याजवळची पट्टी दाखवून ते म्हणाले, "येथे नस दबली आहे."

तापमान मोजणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. इंजिनच्या चाचण्यांमध्ये थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) लावणे, त्यांच्या चुका शोधणे, ही माझी रोजची कामे. त्यामुळे पट्टीमागचा आकडा खोटा असेल असे मला मुळीच वाटले नाही. त्वचेचे तापमान अंशाच्या दहाव्या भागापर्यंत मोजता येते, यात नवल नाही. परंतु त्या आकड्यापासून 'नस दबली आहे' या वाक्यापर्यंतचा रस्ता मला कोणी दाखवलेला नाही. तो रस्ता खरोखर आहे का, असल्यास किती पक्का आहे, हे जाणकारांनी सांगावे. कायरोप्रॅक्टिक चांगले की वाईट, असा हा धागा नाही, एवढी विनंती.

जुनी_वही

या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराचसा तुमच्याच नदीकाठी घडला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डेव्हनपोर्टच्या पामर यांच्या कायरोप्रॅक्टिक शाळेत यंत्र येण्याआधी विद्यार्थ्यांना हाताचा मागचा भाग कण्यावरून फिरवून ऊन लागणारी जागा शोधायला शिकवत असत. अशा जागेला ते 'हॉट बॉक्स' म्हणत. हा शब्द रेल्वेतला आहे. डब्याच्या आसाची पेटी वंगणाअभावी तापली की तिला हे नाव होते, आणि आपल्याकडचे रेल्वेचे जुने लोक 'हॉट ॲक्सल' म्हणतात तोच हा प्रकार. कल्पना अशी की मणका जागेवरून किंचित सरकला की नसेवर दाब येतो, आणि घर्षणाने आस तापावा तशी ती जागा तापते. उपमा लोकांना चटकन पटणारी होती, आणि माझ्या मते पुढचा पुष्कळसा घोटाळा याच उपमेने केला.

पुढे डॉसा एव्हिन्स या, विद्युत अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेल्या कायरोप्रॅक्टरने हाताच्या जागी यंत्र आणले. डी. डी. पामर यांचे चिरंजीव बी. जे. पामर तेव्हा शाळेचे सर्वेसर्वा होते. ऑगस्ट १९२४ मधील वार्षिक मेळाव्यात 'घटका भरली आहे' अशा अर्थाच्या शीर्षकाचे भाषण करून त्यांनी हे 'न्यूरोकॅलोमीटर' जगापुढे ठेवले. ते विकत मिळत नसे, भाडेपट्ट्याने घ्यावे लागे, आणि पट्ट्याची रक्कम पुढे २,२०० डॉलरपर्यंत गेली. त्या काळी फोर्ड कंपनीची साधी मॉडेल टी मोटार ३०० डॉलरच्या आत मिळत होती, यावरून त्या रकमेचे वजन ध्यानात यावे. यंत्राशिवाय केलेले निदान अपुरे आहे असा पामर यांचा आग्रह होता. ज्यांना रक्कम परवडत नव्हती आणि ज्यांना हा आग्रहच मान्य नव्हता, असे दोन्ही प्रकारचे लोक दुरावले. शाळेतील विद्यार्थिसंख्या घसरली, आणि १९२६ मध्ये तेथीलच चार नामवंत अध्यापकांनी बाहेर पडून इंडियानापोलिस येथे लिंकन कायरोप्रॅक्टिक कॉलेज काढले.

हे सांगण्याचे कारण एवढेच की या मोजमापाविषयीचा वाद केवळ डॉक्टर आणि कायरोप्रॅक्टर यांच्यातला नाही. पहिली फूट घरातच पडली होती.

उष्मांतर

जुनी_वही यांनी इतिहास सांगितला, मी यंत्राच्या पोटात शिरतो. मूळ धागाकर्त्याला यातले काही माहीत असणारच, पण इतर वाचकांसाठी लिहितो.

दोन वेगळ्या धातूंच्या तारांचे दोन सांधे केले आणि एक सांधा दुसऱ्यापेक्षा गरम झाला, तर मंडलात अगदी क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. थॉमस सीबेक यांना हे १८२१ मध्ये आढळले. तांबे आणि कॉन्स्टंटन (तांबे-निकेलचा मिश्रधातू) यांच्या जोडीत हा दाब दर अंश सेल्सिअसला साधारण ४० मायक्रोव्होल्ट असतो. न्यूरोकॅलोमीटरमध्ये एक सांधा कण्याच्या डावीकडे आणि एक उजवीकडे टेकवत आणि मध्ये क्षीण विद्युतप्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरची सुई असे. म्हणजे त्या यंत्राला पाठीचे तापमान मुळी कळतच नव्हते. त्याला दोन बाजूंमधला फरक तेवढा कळत होता. रुग्णाला १०३ ताप असो किंवा तो नुकताच थंड पाण्याने आंघोळ करून आलेला असो, दोन्ही बाजू सारख्या असतील तर सुई मधोमधच राहणार. यात एक मोठी सोय आहे, कारण खोलीच्या उष्णतेचा परिणाम दोन्ही बाजूंवर समान होऊन वजा होतो. अडचणही तेथेच आहे. सुई उजवीकडे झुकली, तर उजवी बाजू तापली म्हणून झुकली की डावी गारठली म्हणून, हे सुई सांगू शकत नाही.

आता चुकांचा हिशेब. ०.३ अंशाचा फरक म्हणजे सुमारे १२ मायक्रोव्होल्ट. एका हाताचा दाब दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त झाला, एक टोक घामावरून गेले आणि दुसरे कोरड्या त्वचेवरून, किंवा ओढ मध्येच मंदावली, तर एवढा फरक आपोआप तयार होतो. म्हणूनच आताची बहुतेक यंत्रे त्वचेला न टेकणारी, इन्फ्रारेड किरण टिपणारी असतात. मानवी त्वचेची किरणोत्सर्जनक्षमता ०.९८ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ आदर्श असते, आणि गोऱ्या-सावळ्या रंगाचा तिच्यावर परिणाम होत नाही. या बाबतीत निसर्गाने मोजणाऱ्याची चांगली सोय केलेली आहे. परंतु तेल, मलम, दाट केस, नुकताच सुटलेला घाम, यांपैकी काहीही मध्ये आले की ती सोय संपते. तपासणीपूर्वी तुम्ही खुर्चीला टेकून बसला होतात का, आणि सदरा काढल्यावर किती वेळाने मोजले?

मिसिसिपीकाठचा

उष्मांतर, प्रश्न वर्मी लागला. मी वीस मिनिटे गाडी चालवत गेलो होतो, पाठ गादीला टेकलेली होती, आणि अमेरिकेत चालक डावीकडे बसत असल्याने दुपारचे ऊन माझ्या डाव्या अंगावर येत होते. आत गेल्यावर पाच मिनिटे प्रतीक्षाकक्षातील कोचावर टेकून बसलो. सदरा काढला आणि लगेच, फार तर मिनिटभराने, मोजणी झाली.

तुमचा प्रतिसाद वाचून मी काल घरी एक उद्योग केला. कामासाठी वापरतो तशी बारीक तारेची दोन थर्मोकपल पत्नीने माझ्या कमरेवर, कण्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरवर कागदी चिकटपट्टीने लावली आणि नोंदयंत्र सुरू केले. त्याआधी मी मुद्दाम अर्धा तास सोफ्यावर डावीकडे कलून बसलो होतो. सदरा काढताक्षणी डावी बाजू ०.६ अंशाने अधिक होती. दोन्ही आकडे भरभर उतरू लागले, फरकही घटत गेला, आणि बाराव्या मिनिटाला तो ०.१ वर आला. पंखा उजवीकडून लावला तर उजवी बाजू तीन मिनिटांत गार झाली आणि फरक पुन्हा वाढला. एका पाठीवरचा एका रात्रीचा हा खेळ आहे, त्यातून सिद्धान्त काढायचा नाही. पण पडद्यावर लाल पट्टी आणण्यासाठी सोफा पुरेसा होतो, एवढे मला कळले.

शरयू_के

मी कोल्हापूरला भूलतज्ज्ञ आहे. नस आणि त्वचेचे तापमान यांचा संबंध आम्ही शस्त्रक्रियागृहात रोज पाहतो, त्यामुळे तो संबंधच नाही असे मी म्हणणार नाही. मानेतील अनुकंपी गुच्छाला (चेतापेशींच्या एका समूहाला) बधिर केले की थोड्याच वेळात त्या बाजूचा हात ऊन होतो, आणि सुई योग्य जागी पोहोचल्याची ती एक खूण मानली जाते. त्वचेतील रक्तवाहिन्या आवळून धरण्याचे काम अनुकंपी चेतासंस्था करते. तिची पकड सुटली की रक्त वाढते आणि त्वचा गरम होते. एखाद्या अवयवाला इजा झाल्यानंतर उद्भवणाऱ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या एका वेदनाविकाराच्या निदानात तर दोन बाजूंमधला १ अंशाहून अधिक फरक हा बुडापेस्ट निकषांमध्ये नोंदवलेलाच आहे.

अडचण पाठीवर सुरू होते, आणि ती शरीररचनेची आहे. अनुकंपी तंतू मज्जारज्जूतून बाहेर पडतात ते छातीच्या पहिल्या पातळीपासून कमरेच्या दुसऱ्या पातळीपर्यंतच. मानेच्या किंवा कमरेच्या खालच्या पातळ्यांवर त्यांचा उगम नाही. तेथील नसांना हे तंतू वरून किंवा खालून, गुच्छांच्या साखळीतून फिरून मिळतात. शिवाय पाठीच्या त्वचेकडे नसांच्या मागच्या शाखा जातात, आणि त्या सरळ आडव्या न जाता तिरक्या खाली उतरतात. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या नसांच्या मागच्या शाखा तर, शरीररचनेच्या प्रचलित वर्णनानुसार, त्वचेपर्यंत पोहोचतच नाहीत. कंबर आणि ढुंगणाच्या वरच्या भागाची त्वचा मुख्यतः कमरेच्या पहिल्या तीन नसांकडून संवेदना घेते. तेव्हा धागाकर्त्याच्या चौथ्या-पाचव्या मणक्यावर दिसलेली लाल पट्टी त्याच मणक्याजवळच्या नसेची बातमी देते, हे म्हणणे म्हणजे पत्ता एका घराचा आणि पत्र दुसऱ्याच घराचे, असे आहे. त्या पातळीची नस खरोखर दबली तर तिची बातमी पायावर, पोटरीच्या बाहेरच्या बाजूला किंवा अंगठ्याकडे शोधावी लागते.

आणखी एक गोष्ट. नस चिडली तर त्वचा गार पडू शकते, नस तुटली तर सुरुवातीला गरम होऊन पुढे गार पडू शकते, स्नायू आखडला तर गरम वाटू शकतो. गरम म्हणजेही दोष आणि गार म्हणजेही दोष असे असेल, तर कुठला आलेख निर्दोष ठरेल हे आधीच सांगून ठेवायला हवे. जॉन्स हॉपकिन्स येथील सुमिओ उएमात्सु आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये हेच मोजून ठेवले आहे. निरोगी माणसांत दोन बाजूंमधील फरक सरासरी ०.२४ अंश होता, आणि हातापायांतील नसेला प्रत्यक्ष इजा झालेल्यांत तो सरासरी १.५५ अंश होता. धागाकर्त्याच्या आलेखावर फरक किती होता?

मिसिसिपीकाठचा

शरयूताई, ०.५ अंश. सोफ्यापेक्षाही कमी.

पाऊलवाट

मी न्यू जर्सीत राहते आणि मला तीन वर्षे मानेचा त्रास होता. आपली सर्व चर्चा वाचली. तुमची आकडेमोड मला नाकारायची नाही, पण माझा अनुभवही येथे नोंदवला जावा असे वाटते. माझ्या कायरोप्रॅक्टर दर भेटीत उपचाराच्या आधी आणि नंतर तापमान मोजतात. उपचारानंतर आलेख बहुतेक वेळा सपाट होतो, आणि मला त्याच वेळी हलके वाटू लागते. दोन महिन्यांत माझे दुखणे खूप उतरले. दोन्ही गोष्टी एकत्र घडत असतील तर यंत्राला काहीतरी कळते आहे असे मानायला काय हरकत आहे?

उष्मांतर

पाऊलवाट, तुम्हाला बरे वाटले याबद्दल आनंद आहे, आणि त्यावर शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत औषधांविना करायच्या उपायांमध्ये मणक्यांच्या हस्तोपचाराचा समावेश आहे, जरी त्यामागचा पुरावा त्यांनी दुबळ्या प्रतीचा म्हटला असला तरी. तुम्ही मान दाखवायला गेला होतात, म्हणजे हे जसेच्या तसे लागू होत नाही. पण हाताने केलेला उपचार उपयोगी पडणे आणि यंत्राने केलेले निदान खरे असणे हे दोन वेगळे खटले आहेत, आणि एकाचा निकाल दुसऱ्याला लागू करता येत नाही.

आधी आणि नंतरच्या आलेखाविषयी मात्र माझी शंका अशी आहे. पहिला आलेख तुम्ही नुकत्याच कपडे काढून बसलेल्या असताना घेतला जातो. त्यानंतर तुम्ही पंधरा-वीस मिनिटे उघड्या पाठीने खोलीत असता. त्या वेळात त्वचा खोलीशी जुळवून घेते आणि गाडीच्या, खुर्चीच्या, अंतर्वस्त्राच्या पट्ट्याच्या खुणा पुसल्या जातात. धागाकर्त्याच्या घरी काहीही उपचार न करता बारा मिनिटांत आलेख सपाट झाला होता. तुमच्या पुढच्या भेटीत एकदा अशी विनंती करून पाहा की पहिल्या मोजणीनंतर उपचार न करता तेवढाच वेळ शांत बसू द्यावे आणि पुन्हा मोजावे, मग उपचार करावा. ही मोजणी फुकटात होण्यासारखी आहे.

कायरो_विद्यार्थी

मी ठाण्याचा आहे आणि अमेरिकेत कायरोप्रॅक्टिकच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा धागा दोन दिवस वाचतो आहे. येथे माझ्या क्षेत्राची बाजू मांडणारे कोणी नाही म्हणून लिहितो, आणि जेथे तुमचे म्हणणे मला पटते तेथे तेही मान्य करतो.

पहिली गोष्ट, धागाकर्त्याची मोजणी आमच्याच नियमांनुसार चुकीची झाली. कण्यालगतच्या तापमानावर संशोधन करणाऱ्या कॅनडातील रॉय, बूशे आणि कोंत्वा यांनी पाठ उघडी केल्यानंतर तापमान स्थिरावण्यास किमान ८ मिनिटे द्यावीत असे मोजून दाखवले आहे. आम्हाला वर्गात त्याहून जास्त वेळ थांबायला शिकवतात. वाऱ्याचा झोत नको, सूर्यप्रकाश नको, मोजणीपूर्वी धूम्रपान किंवा शेक नको, लांब केस वर बांधलेले असावेत, हे सर्व शिकवले जाते. दवाखान्यात दर पंधरा मिनिटांना एक रुग्ण असेल तर यांतले काय पाळले जाते, हे मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट, आमच्यातील जाणते लोक एका आलेखावरून 'नस दबली आहे' असे म्हणत नाहीत. बी. जे. पामर यांच्या नंतरच्या काळातील पद्धत आकृतिबंधाची होती. वेगवेगळ्या दिवशी घेतलेले आलेख एकावर एक ठेवायचे. निरोगी शरीर परिस्थितीनुसार सतत बदलत असल्याने आलेखही बदलता असावा. तोच आकार पुन्हा पुन्हा येत असेल तर शरीराची जुळवून घेण्याची शक्ती अडकली आहे, असा तर्क असतो. म्हणजे फरक किती यापेक्षा फरक हटून बसला आहे का, याकडे पाहायचे.

तिसरी गोष्ट, आधुनिक यंत्रांची पुनरावृत्तिक्षमता उत्तम आहे. २००४ मधील एका अभ्यासात दोन परीक्षकांनी घेतलेल्या इन्फ्रारेड आलेखांमधील मेळ ०.९ च्या वर होता, आणि १ म्हणजे पूर्ण मेळ. एवढा मेळ हाताने मणके चाचपण्याच्या पद्धतीत कधीच मिळत नाही. हे कोणी नाकारू नये.

शरयू_के

कायरो_विद्यार्थी, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत म्हणून मीही नीट उत्तर देते.

दोन परीक्षकांना तोच आलेख मिळतो, हे मी मान्य करते. पण माझ्या तळहातावरच्या रेषाही कोणीही पाहिल्या तरी त्याच दिसतात, आज पाहा किंवा पुढच्या वर्षी पाहा. त्या बाबतीत हस्तसामुद्रिकाची पुनरावृत्तिक्षमता कोणत्याही प्रयोगशाळेला हेवा वाटावा इतकी आहे. रेषा खऱ्या असतात, वाद असतो तो भविष्याविषयी. तुमच्या अभ्यासाने रेषा खऱ्या असल्याचे दाखवले आहे.

आणि हटून बसलेल्या आकाराचे एक फार साधे स्पष्टीकरण आहे. पाठीच्या स्नायूंतून वर येऊन त्वचेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या प्रत्येक माणसात ठरावीक जागी असतात, आणि डाव्या-उजव्या बाजूंना अगदी समोरासमोर नसतात. प्लास्टिक सर्जन त्वचेचा तुकडा उचलण्यापूर्वी याच जागा शोधतात, आणि काही जण त्यासाठी उष्णताचित्रच वापरतात. ज्याच्या पाठीवर अशी एक ठळक धमनी उजवीकडे असेल त्याचा आलेख वर्षानुवर्षे उजवीकडे झुकलेलाच येणार. चरबीचा थर, कण्याचा किंचित बाक, जुना व्रण, यांचेही तसेच. तेव्हा न बदलणारा आकार हे अडकलेल्या शक्तीचे चिन्ह आहे असे म्हणण्याआधी, तो केवळ त्या माणसाच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा नाही ना, हे तपासायला हवे. तसे तपासणारा एखादा अभ्यास तुमच्या वर्गात शिकवला जातो का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

रोहिणी_भौतिकोपचार

पुण्यात मी भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. महाराष्ट्रात आमच्या व्यवसायासाठी राज्य परिषद आहे, कायरोप्रॅक्टरसाठी मात्र भारतात अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. तरीही गेल्या काही वर्षांत हाड कडकडवण्याच्या चित्रफिती पाहून 'आमचाही कणा यंत्राने मोजा' म्हणणारे रुग्ण माझ्याकडे येऊ लागले आहेत, म्हणून हा धागा मला जवळचा वाटला.

माझ्या कामात कोणत्याही मोजणीला मी एकच प्रश्न विचारते. आकडा वेगळा आला असता, तर मी काही वेगळे केले असते का? याचे एक चांगले उदाहरण याच जातीच्या मोजणीतले आहे. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यांच्या तळव्याला आतून इजा होत असते आणि त्यांना कळत नाही. जखम उघडण्याआधी ती जागा तापते. म्हणून दोन्ही पायांच्या सारख्याच जागा, म्हणजे अंगठा, चवड्याखालील पहिले, तिसरे आणि पाचवे हाड, तळव्याचा मध्य आणि टाच, रोज मोजायच्या, आणि फरक २.२ अंशांहून अधिक राहिला तर चालणे कमी करून डॉक्टरांना दाखवायचे. लॅव्हरी, आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे गट करून याच्या चाचण्या घेतल्या, आणि रोज मोजणाऱ्यांमध्ये जखमा कमी झाल्याचे आढळले. यंत्र तेच, डाव्या-उजव्या फरकाचे तत्त्व तेच. पण येथे किती फरक आला की काय करायचे हे आधी ठरलेले आहे, न आल्यास काय करायचे नाही हेही ठरलेले आहे, आणि तसे वागल्याने पाय वाचतात का हे मोजलेले आहे. कण्याच्या मोजणीत यांतील पहिलीच पायरी निसरडी आहे. किती फरक म्हणजे दोष, हे यंत्रागणिक आणि पद्धतीगणिक बदलते.

अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने १९९२ मध्ये उष्णताचित्रण कोणत्याही आजारासाठी खर्चाच्या कक्षेबाहेर ठेवले, कारण निदानात किंवा उपचारात त्याची मदत होते असे उपलब्ध पुराव्यावरून दिसत नव्हते. ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्याच नियामक परिषदेने २०१० मध्ये लिहून दिले की मणका सरकून नसेवर दाब येतो ही संकल्पना ऐतिहासिक आणि सैद्धान्तिक आहे, आणि ती आजारांचे कारण आहे असा दावा करण्याजोगा संशोधनाचा आधार नाही. यंत्र ज्या गोष्टीचा शोध घेते असे सांगितले जाते ती गोष्टच जर अशी संशयित असेल, तर शोध अचूक लागला की नाही हे ताडून पाहायचे तरी कशाशी?

आपल्याकडेही फार वेगळे नाही. 'मणक्यात गॅप आहे' हे वाक्य एक्स-रे हातात घेऊन म्हटले की रुग्ण ते आयुष्यभर सांगत राहतो, वाकायला घाबरतो, घागर उचलणे सोडतो. लाल पट्टीही तेच करते. धागाकर्त्यांना माझी विनंती अशी की पायात बधिरपणा, पाऊल उचलताना लुळेपणा, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा ती अडकणे, मांड्यांच्या मधल्या भागात संवेदना जाणे, ताप किंवा कारण नसताना वजन उतरणे, यांतले काही असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. यांपैकी एकही गोष्ट त्या दोन रेघांमध्ये दिसत नाही.

कायरो_विद्यार्थी

शरयूताई, धमन्यांचा मुद्दा मी येथील एका अध्यापकांना विचारला. आकृतिबंध आणि रक्तवाहिन्यांची रचना एकाच माणसात शेजारी ठेवून पाहणारा अभ्यास त्यांच्याही माहितीत नाही, आणि पदवीच्या प्रबंधासाठी विषय शोधत असशील तर हा घे, असे ते म्हणाले. निरोगी स्वयंसेवक घ्यायचे, दोन आठवडे दिवसाआड मोजायचे, त्याच पाठीवर रक्तप्रवाह टिपणाऱ्या डॉपलर यंत्राने धमन्यांच्या जागा खुणेने नोंदवायच्या, आणि आलेख वाचणाऱ्याला कोणता आलेख कोणाचा हे कळू द्यायचे नाही, असा कच्चा आराखडा केला आहे. प्रतीक्षेची वेळ १५ मिनिटे ठेवावी की २०, याविषयी उष्मांतर यांचे मत हवे.

उष्मांतर

२० ठेवा, आणि पहिल्या मिनिटापासून नोंद चालू ठेवा. वक्र सपाट झाला की नाही हे घड्याळापेक्षा नोंदच अधिक खात्रीने सांगेल. खोलीचे तापमानही शेजारी नोंदवा, आणि स्टूल पाठ नसलेले घ्या.

पाऊलवाट

उष्मांतर, तुम्ही सुचवल्याप्रमाणे मी माझ्या कायरोप्रॅक्टरना विचारून पाहिले. त्यांनी आनंदाने होकार दिला. पहिल्या मोजणीत मानेच्या खाली तीन लाल पट्ट्या होत्या, वीस मिनिटे नुसती बसल्यावर एक उरली, उपचारानंतरही तीच एक होती. मान मात्र उपचारानंतरच हलकी वाटली. मी जात राहणार आहे.

मिसिसिपीकाठचा

मीही काल जाऊन आलो. माझा घरचा आलेख त्यांना दाखवला आणि विचारले की कोणता आलेख पाहिल्यावर तुम्ही मला उपचाराची गरज नाही असे सांगाल. ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले की उपचार कुठे करायचा हे मी हाताने चाचपून आणि हालचाल पाहून ठरवतो, आलेख रुग्णाला समजावायला बरा पडतो. उत्तर मला आवडले, कारण त्यात लपवाछपवी नव्हती. मग मोजणीचे शुल्क वेगळे का, असे विचारल्यावर त्यांनी ते बिलातून काढून टाकले.

कंबर आता बरीच बरी आहे. रोहिणीताईंनी सांगितलेली लक्षणे माझ्यात नाहीत. उष्मांतर, ते नोंदयंत्र आणि बारीक तारेची थर्मोकपल माझ्याकडे पडून आहेत. कायरो_विद्यार्थी यांना प्रबंधासाठी हवी असतील तर टपालाने पाठवतो, पण तारा नाजूक आहेत आणि चिकटपट्टी कागदीच वापरावी लागेल, कारण प्लास्टिकच्या पट्टीखाली घाम साचून आकडा चुकतो.

कायरो_विद्यार्थी

हवी आहेत. निरोपातून पत्ता कळवतो.